पदराला बांधलेल्या गोळ्या

नवसाबाईनं जन्मात कधी रांग पाळली नव्हती. फुलबाजारात शेवंतीची पाटी उतरवायची तर कोपरानंच जागा करावी लागते, हे तिचं शिक्षण. शाळेतलं दुसरीतच संपलेलं. म्हणून विद्यापीठाच्या कॅन्सर संशोधन विभागात नाव घालायच्या दिवशीही ती सुरगाण्याच्या अक्काबाईच्या पुढं घुसली. "माझी फुलं सुकत्यात बाजारात. तुझं काय सुकतंय?" अक्काबाईनं पायाजवळची पिशवी ओढून घेतली आणि वाट दिली.

दोघींनाही छातीचा कॅन्सर. तिथल्या तृप्ती सिस्टरनं नीट समजावलं होतं, सलाईनमधून नेहमीचं औषध सगळ्यांनाच मिळणार. निम्म्या बायकांना जोडीला एक नवी गोळी. कुणाला ती, हे डॉक्टरही ठरवणार नाहीत. नावं येतील तशी कॉम्प्युटर आधीच ओळीनं लावलेली पुढची चिठ्ठी उघडणार. नवसाबाईला गोळी निघाली. तिच्या मागून गेलेल्या अक्काबाईला नाही.

घरी येऊन नवसाबाईनं सुनेला ऐकवलं, "प्रतिभा, पुढं व्हावं लागतं. तुझ्यासारखी दारात उभी राहिले असते तर बसले असते हात चोळत."

पण पुढं दर खेपेला जीपमधून उतरणारी अक्काबाई आधीपेक्षा वाळलेली दिसायची, आणि नवसाबाईची गाठ मात्र बसत चाललेली. गोळी जिभेवर ठेवली की अक्काबाईनं ओढून घेतलेली ती पिशवी आठवायची. शेवटी तिनं तृप्तीला गाठलं.

"पोरी, माझी गोळी तिला दे."

"आजी, गोळीनं फायदा होतो का, हेच अजून कळलेलं नाही. कळलं असतं तर चिठ्ठ्या कशाला टाकल्या असत्या? तुमची गाठ सलाईननंही बसत असेल."

नवसाबाईला ते पटलं नाही. ती एक दिवस गोळी खायला लागली, एक दिवस पदराला बांधायला.

आज विभागाबाहेरच्या बाकावर अक्काबाईशेजारी बसून तिनं पदर पुढं केला. "घे. त्या दिशी मी घुसले नसते तर ही तुझीच होती."

"मला ठाऊक हाय," अक्काबाई म्हणाली.

"मंग बोलली का नाय?"

"बोलून काय? तू मागं सरकली असती का?"

अक्काबाईनं नवसाबाईचा हात बाजूला सारला. "नको मला. मी व्हय म्हणून अंगठा दिलाय. जे वाट्याला आलं ते घेईन."

तेवढ्यात तृप्ती आली. "आजी, डबी द्या. अरे वा, रिकामी! सगळ्या घेतल्या ना?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. नवसाबाईनं अक्काबाईकडं पाहिलं, आणि पदराची गाठ सोडून गोळ्या बाकावर ओतल्या.

तृप्तीचा चेहरा उतरला. "कुणाला दिल्या नाहीत ना?"

"देत होते. तिनं घेतल्या नाय."

"तिला झेपल्या नसत्या म्हणजे? आणि तुम्ही निम्म्याच खाल्ल्यात हे कळलं नसतं, तर गोळीच कुचकामी ठरवली असती आम्ही. मागून येणाऱ्या बायकांना मिळालीच नसती."

नवसाबाईनं बाकावरच्या गोळ्या एकेक करून तृप्तीच्या हातातल्या डबीत टाकल्या. आधी एकीचं घेतलं, आता कुणाकुणाचं घ्यायला निघाले होते मी?

"चला, डॉक्टरांना सांगावं लागेल," तृप्ती म्हणाली.

"तपासायला तिला आधी ने."

"आता आधी-नंतर करून काही बदलणार नाही, आजी."

"ठाऊक हाय. तरी ने."

अक्काबाई भिंतीला धरून उठली. "पिशवी ठेव हितं, मी बघते," म्हणत नवसाबाईनं हात पुढं केला. अक्काबाईनं त्या हाताकडं क्षणभर पाहिलं, पिशवी काखेत मारली आणि आत गेली.