डोक्याचं उद्घाटन

ऑपरेटरबाईंचा उजवा हात कानापर्यंत यायचा, त्याच्या वर जायचा नाही. रुग्णालयाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये डोक्यावर हेडफोन चढवून त्यांनी उभी हयात काढली होती, त्यामुळे केस पहिल्यापासून आखूड. आता खांदा आखडल्यावर तर दुसरा इलाजच नव्हता. विंचरायलाच हात पोचेना, तर अंबाडा कुठला घालणार? पण आखूड केसांची एक खोड असते. ते वाढतात.

त्यांचं नेहमीचं पार्लर बंद पडलं आणि त्या जागी काचेच्या दाराचा स्टुडिओ आला. आत गेल्यावर एका मुलीने त्यांना लिंबाच्या फोडीचं पाणी दिलं आणि केस कापण्याआधी केसांबद्दल चर्चा होईल असं सांगितलं. बाईंनी दर विचारला. उत्तर ऐकून पुन्हा विचारला. ऐकू आलं नव्हतं असं नाही, ती मुलगी दुसऱ्यांदाही तो आकडा हसत सांगू शकते का, एवढंच त्यांना बघायचं होतं. तिने सांगितला. बाईंनी पाणी तेवढं पिऊन घेतलं, कारण पेन्शनमध्ये त्या दुकानातलं तेवढंच परवडण्यासारखं होतं.

मग त्या केशरचना शिकवणाऱ्या क्लासमध्ये गेल्या. तिथे विद्यार्थ्यांना सरावाला डोकी लागतात आणि फुकटात काम होतं, असं कुणीतरी सांगितलं होतं. क्लासच्या मॅडमनी त्यांच्या केसांत दोन बोटं घातली आणि लगेच काढून घेतली. आम्हाला लांब, दाट केस लागतात, तुमच्या केसांत मुलांना शिकण्यासारखं काही नाही, असं त्या म्हणाल्या. सत्तरीच्या बाईच्या डोक्याकडून त्यांची अपेक्षा तरी काय होती, देव जाणे.

घरी धाकटी बहीण होती. दोघी एकाच खोलीत राहायच्या. बहिणीचा लांब पिकलेला अंबाडा होता आणि मतंही तशीच, घट्ट बांधलेली. केस वाढव, अंबाडा मी घालून देईन, फुकटात काम, असं ती म्हणायची. बाई ऐकेनात, तेव्हा शेवटी तिनेच स्वयंपाकघरातली कात्री घेतली. तिचा हात थरथरत होता आणि कात्रीला धार नव्हती. काम झाल्यावर ती एवढंच म्हणाली की दोन दिवस आरशात बघू नकोस. बाईंनी लगेच बघितलं. मानेवरचे केस उंदरांनी कुरतडल्यासारखे दिसत होते.

त्याच आठवड्यात चौकात फलक लागला. एका समाजसेवी मंडळाने गरजू ज्येष्ठांसाठी मोफत केशकर्तन शिबिर ठेवलं होतं. फलकावर कात्री बोटाएवढी होती आणि प्रमुख पाहुण्यांचा चेहरा दाराएवढा.

बाई सकाळी वेळेवर पोचल्या. इस्त्रीचे कपडे, पायात पॉलिश केलेले बूट. दारात मंडळाच्या अध्यक्षाबाई उभ्या होत्या. त्यांनी यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तुम्ही नक्की गरजू आहात ना, असं विचारलं.

"गरज डोक्याला आहे," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "कपड्यांचं मी बघते."

अध्यक्षाबाई शेजारणीकडे वळून म्हणाल्या, किती गोड बोलतात नाही या! म्हातारं माणूस काही बोललं की त्याला गोड म्हणायची या लोकांत पद्धत आहे. उत्तर द्यावं लागत नाही.

पण त्या इस्त्रीच्या कपड्यांमुळेच बाईंची निवड झाली. फोटोत स्वच्छ माणूस बरं दिसतं. त्यांना व्यासपीठावरच्या एकुलत्या एका खुर्चीत बसवलं आणि गळ्याभोवती कापड बांधलं. एक फोटोवाला येऊन म्हणाला की हा कापण्याआधीचा फोटो आहे, तर जरा दुःखी दिसा. बाईंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो दुसऱ्या कोनातून, पाठीमागून फोटो काढायला गेला.

खाली प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बरेच म्हातारे-म्हाताऱ्या बसले होते. केस कापणारे दोघं त्या काचेच्या स्टुडिओतूनच आले होते. ते हाताची घडी घालून भिंतीला टेकले होते, कारण पाहुणे आल्याखेरीज कुणाच्याही केसाला धक्का लावायचा नाही असं ठरलं होतं. एक निवृत्त पहारेकरी बसल्या जागी घोरायला लागला. चहा होता, पण तो कार्यक्रमानंतर.

पाहुणे आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. त्यांनी सेवेवर भाषण केलं. ज्येष्ठ म्हणजे समाजाचा मुकुट आहेत, असं ते म्हणाले. बाईंच्या मुकुटाला कापडाखाली खाज सुटली होती. मग फीत कापून झाली आणि अध्यक्षाबाईंनी जाहीर केलं की आता साहेब प्रतीकात्मक पहिली बट कापतील. साहेबांनी कात्री केसांजवळ नेऊन तोंड कॅमेऱ्याकडे वळवलं. फोटोवाला म्हणाला, साहेब, खरंच कापा, नाहीतर फोटोत नाटक वाटतं.

साहेबांनी कॅमेऱ्याकडे बघतच कापलं. डाव्या कानावर कचकन आवाज झाला आणि मूठभर केस बाईंच्या मांडीवर पडले. सभागृहाने टाळ्या वाजवल्या.

साहेबांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं. त्यांच्या मागे फोटोवाला गेला, त्याच्या मागे निम्मं मंडळ गेलं. स्टुडिओतल्या दोघांची दुपारची गिऱ्हाइकं ठरलेली होती, त्यांनी घाईघाईत हाताला येतील ती डोकी उरकायला घेतली. बाई तशाच बसून होत्या. तेवढ्यात बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता आला.

"आजी, तुमचं झालं ना? आता दुसऱ्यांना बसू द्या."

"काय झालं माझं?"

"कटिंग. साहेबांनी केलं की."

बाईंनी गळ्यातलं कापड सोडलं, घडी करून त्याच्या हातात दिलं आणि खाली उतरल्या. भांडून काय मिळणार? या लोकांनी तेही गोड म्हटलं असतं.

सभागृहामागच्या गल्लीत पुरुषांचं एक सलून होतं. दोन खुर्च्या, डाग पडलेला आरसा, बाकावर पेपर वाचणारा एक गृहस्थ. बाई सरळ आत गेल्या आणि रिकाम्या खुर्चीत बसल्या. सलूनवाला गोंधळला. बायकांचे केस आपण कापत नाही मावशी, असं तो म्हणाला. मग खरं कारणही सांगून टाकलं, की गिऱ्हाइकांना अवघडल्यासारखं होतं.

"माझ्या डोक्याकडे बघ," बाई म्हणाल्या. "याच्याकडे बघून कोण अवघडणार आहे?"

त्याने पाहिलं. डावीकडे साहेबांची सेवा, मागे बहिणीची माया. बाकावरच्या गृहस्थाने पेपर खाली करून हे काही बरं नव्हे असं पुटपुटायला सुरुवात केली. बाईंनी आरशातूनच त्याला सांगितलं की बरं नसेल तर डोळे मिटा, पेपर तर तुम्ही तसाही उलटा धरलाय. त्याने पेपर खरंच पाहिला. तो सुलटाच होता. पण तेवढ्यात त्याची बोलायची वेळ निघून गेली.

कसे कापू, असं सलूनवाल्याने विचारलं. निवृत्त हेडमास्तरांचे कापतोस तसे काप, असं बाईंनी सांगितलं. तो कापत राहिला. त्या कानावरचा खड्डा बुजवायला त्याला सगळंच डोकं बारीक करावं लागलं. शेवटी तो म्हणाला की एक बाजू आधीच कापलेली होती, तर मावशी, थोडे कमी द्या.

"ज्याने ती बाजू कापली त्याच्या कामाने पैसे कमी होत नाहीत, वाढतात," बाई म्हणाल्या आणि पुरुषांचा जो दर भिंतीवर लिहिला होता तो पुरता दिला. स्टुडिओच्या दरापुढे तो चणे-फुटाण्यांचा भाव होता.

चार दिवसांनी अध्यक्षाबाई घरी आल्या, सोबत तोच फोटोवाला. मंडळाच्या अंकासाठी कापण्याआधीचे फोटो होते, नंतरचा एकही नव्हता, कारण नंतर कुणी थांबलंच नव्हतं. ऑपरेटरबाईंचं डोकं बघून त्यांचा चेहरा उजळला. किती सुंदर कापलेत, चला, पटकन एक काढू, असं त्या म्हणाल्या. ते कुणी कापलेत हे बाईंनी सांगितलं. अध्यक्षाबाई म्हणाल्या की त्याने काय फरक पडतो, भावना महत्त्वाची.

इतका वेळ बहीण शेंगा सोलत बसली होती. आता ती म्हणाली, "मग भावनेचाच काढा ना फोटो. हिला कशाला उठवता?"

फोटो निघाला नाही. ऑपरेटरबाईंना बहिणीचं आश्चर्य वाटलं, पण तसं त्यांनी दाखवलं नाही.

सलूनवाल्याची दुपार रिकामी जायची, जेवून पुरुष झोपतात म्हणून. ती वेळ त्याने मावश्यांना दिली. शिबिरातून चहा पिऊन तशाच परतलेल्या दोघी-तिघी आल्या, मग आणखी आल्या. कुणी त्याच्या दयाळूपणाचं कौतुक करायला लागलं की ऑपरेटरबाई लगेच तोडायच्या. दया-बिया काही नाही, त्याची खुर्ची रिकामी होती आणि आपलं डोकं भरलेलं, धंदा आहे हा. दयेचा त्यांना अनुभव होता.

पुढच्या महिन्यात निघताना बहीणही चपला घालून उभी राहिली. गुडघ्यांमुळे तिला न्हाणीघरात वाकता येत नव्हतं आणि कित्येक महिने तो अंबाडा नीट धुतलाच गेला नव्हता. हे तिने सलूनवाल्याला सांगितलं, मोठ्या बहिणीला नव्हे. केस कापून झाल्यावर ती घरापर्यंत कुरकुरत आली की मान गार पडतेय, मान गार पडतेय. ऑपरेटरबाईंच्या जिभेवर चार टोमणे तयार होते. त्यांनी ते गिळले आणि गळ्यातला मफलर काढून तिला दिला.