टिटवीची शेवटची फेरी

"काकू, हे जरा ऐका." पुतणीने आपल्या कानावरचे हेडफोन काढून वहिनींच्या कानांवर चढवले. "पडद्यावर काहीच नाही, नुसता अंधार. आणि त्यात मध्येच कुणीतरी पुरुष बोलतोय. बाकी सगळी फिल्म साफ केली मी. हा आवाज काढून टाकू ना?"

पुतणी फिल्म दुरुस्त करायचं काम करते. जुन्या रिळांवरची चित्रं कॉम्प्युटरवर उतरवायची, त्यांवरचे ओरखडे पुसायचे, आवाजातली खरखर काढायची. कपाटाच्या तळाशी सापडलेली काकूंची फिल्म तिने हौसेने नेली होती आणि आज ती जेवणाच्या टेबलावर मांडून बसली होती.

वहिनींनी डोळे मिटले. कानात आधी घंटा वाजली. मग खिळ्यांच्या बुटांची कचकच, दूर जाणारी. आणि अगदी कानाशी, दबक्या आवाजात, एक माणूस वैतागून म्हणाला, "आयला, रीळ गेलं."

वहिनी हसल्या. हसता हसता त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर घट्ट दाबून धरले.

"हात लावू नकोस त्याला," त्या म्हणाल्या. "आधी चहा टाक. मग सांगते."

वहिनी म्हणजे युनिटच्या वहिनी. आवाज धरणं हे त्यांचं काम. कॅमेरा चालवायचे त्यांचे यजमान. त्यांना सगळे अण्णा म्हणत, म्हणून या वहिनी झाल्या, आणि वयाने मोठा असलेला दिग्दर्शकही त्यांना वहिनीच म्हणू लागला. त्या दिग्दर्शकाला मात्र माघारी सगळे वन्समोअर म्हणत. त्याची उभी हयात सिनेमाच्या सेटवर गेलेली. नट कितीही चांगला बोलला तरी हा मान हलवणार आणि म्हणणार, "छान. आता परत एकदा." एकदा म्हणे कुठल्याशा लग्नात हार घातल्यावर नवरदेवालासुद्धा तो परत एकदा म्हणाला होता. खरंखोटं देव जाणे, पण युनिटमध्ये ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती.

अशा या माणसाला एका वर्षी काम मिळालं ते परदेशात होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या क्रीडास्पर्धेचं. कितीतरी देशांची कॉलेजातली पोरं तिथे येणार होती. आपल्या पोरांची फिल्म करायची आणि ती गावोगावच्या शाळा-कॉलेजांत दाखवायची, असं ठरलं होतं. युनिट म्हणजे तिघंच. वन्समोअर, अण्णा आणि वहिनी.

मुक्काम पोरांच्याच वसतिगृहात होता. खोली इतकी अरुंद, की दोन पलंगांच्या मधून सामान घेऊन जायचं तर एकाने पलंगावर पाय घेऊन बसायचं. अण्णा तिथेच काळ्या पिशवीत दोन्ही हात घालून, डोळे मिटून, डब्यात रीळ भरायचे. उजेडाचा एक कण आत गेला तर रीळ वाया. बोटंच बघायची सगळं.

"घरी कपाटातला शर्ट भर उजेडात सापडत नाही तुम्हाला," वहिनी टोमणा मारायच्या. "आणि इथे काळोखात एवढंसं भोक बरोबर सापडतं."

"शर्टाला भोक नसतं ना," अण्णा डोळे न उघडता म्हणायचे. "तू शिवून ठेवतेस."

शेजारच्याच खोलीत टिटवी राहायची. पंधराशे मीटर धावणारी पोरगी. काटकुळे लांब पाय आणि चालताना मध्येच थबकून इकडेतिकडे बघायची सवय, म्हणून मैत्रिणींनी हे नाव ठेवलेलं. तिलाही ते आवडायचं. ती येऊन पलंगाच्या टोकावर बसायची आणि वहिनींचे हेडफोन मागून घ्यायची.

"वहिनी, ही माझी शेवटची शर्यत," एकदा ती सहज म्हणाली. "घरी गेले की शाळेत शिकवायला लागायचंय. आईने तेवढ्या अटीवर सोडलंय."

"आईला धावणं आवडत नाही का गं?"

"आवडायला बघितलंय कुठे तिने? शर्यती सगळ्या लांब, आणि तिचं घर सुटत नाही. मी बक्षीस आणून दाखवते, ती ते पुसून फळीवर ठेवते आणि म्हणते, हातपाय धुऊन घे." टिटवी हसली. "आता तुमची फिल्म आमच्याकडे येईल ना, तेव्हा बघेल. पहिल्यांदा आणि शेवटचंच."

वहिनींनी हे अण्णांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी अण्णांनी कॅमेऱ्याची काच दोनदा पुसली.

शर्यतीच्या दिवशी वन्समोअर अंगात आल्यासारखा वागत होता. त्याला टिटवी बुटाची नाडी बांधताना हवी होती. तिने बांधली. "छान. परत एकदा." तिने सोडली, परत बांधली. "हां, आता जरा वर बघत." तिने वर बघत बांधली. "आता चेहऱ्यावर थोडी काळजी आण." तिला आता खरोखरच काळजी वाटू लागली होती, ती नाडीच्या गाठीची. मैदानावरचे पंच घड्याळाकडे बोट दाखवू लागले तेव्हा कुठे वन्समोअरचं समाधान झालं.

अण्णांनी कॅमेऱ्यावरचा काटा पाहिला. डब्यात थोडंच रीळ उरलं होतं.

"डबा बदलायला लागेल," ते म्हणाले.

"बदल ना. पटकन होईल."

आणि इथे अण्णांच्या हातून जे झालं, ते सेटवर आयुष्य घालवलेल्या माणसाच्याच हातून होऊ शकतं. सेटवर कॅमेरा तयार नसेल तर राजासुद्धा सिंहासनावर ताटकळतो. अण्णांनी सवयीने हात वर केला, पिस्तूलवाल्या पंचाकडे बघून मान हलवली, आमचं व्हायचंय अजून, अशी खूण केली आणि नवा डबा घ्यायला खाली वाकले.

पंचाने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ठो झालं आणि पोरी सुटल्या.

"अहो, पळाल्या त्या," वहिनी म्हणाल्या.

"न सांगता?" अण्णा म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटलं होतं.

आता डबा बदलत बसलं तर अर्धी शर्यत गेली असती. त्यांनी आहे त्याच रिळावर कॅमेरा सुरू केला. टिटवी पहिल्या फेरीत मागे होती. दुसरीत मधोमध आली. तिसरीत पाचवी. शेवटच्या फेरीची घंटा वाजली, आणि त्याच वेळी कॅमेऱ्याच्या पोटात रिळाचं शेपूट फटफट वाजू लागलं. अण्णांचं ते वाक्य तेव्हाचं. लगेच कॅमेरा गप्प झाला.

वहिनींची टेप मात्र चालू होती. टेपला रिळाएवढी घाई नसते. अंतिम रेषेपाशी गवतावर गुडघे टेकून त्यांनी लांब माइक टिटवीच्या दिशेने धरला आणि ती जिकडे जाईल तिकडे तो वळवत राहिल्या. बाजूला नवरा डोक्याला हात लावून बसलाय, हे त्यांना दिसत होतं. पण माइक हलला नाही.

टिटवी चौथी आली. तिसरीच्या खांद्याला खांदा लावून, पण चौथी.

त्या संध्याकाळी तिघं खोलीत सामान आवरत होते. टिटवी आली आणि दारातच उभी राहिली.

"शेवटची फेरी नाहीच आली?" तिने विचारलं. "आई विचारेल, पुढे काय झालं. मग काय दाखवू?"

वन्समोअरला तेवढंच हवं होतं. "काळजी करू नको पोरी. उद्या सकाळी परत एकदा धाव. तू एकटी. जवळून घेऊ, मागचं काही दिसणार नाही. कोणाला कळतंय?"

सकाळी रिकाम्या मैदानावर टिटवी परत धावली. आदल्या दिवशी तिचे खांदे वाकडे झाले होते, तोंड उघडं पडलं होतं. आज ती कशी नीटनेटकी धावली, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर चालावं तशी. रेषेपाशी वन्समोअर म्हणाला, "हात वर कर." तिने वहिनींकडे बघितलं आणि हात वर केले.

परत येताना ती वहिनींच्या शेजारून चालत होती. "मागे कुणी नव्हतं, पुढेही कुणी नव्हतं," ती म्हणाली. "पायांना कळेचना, कशासाठी पळायचं ते. पण आईला दिसेन तरी, नाही का?"



घरी परतल्यावर फिल्म जोडायला तिघं बसले. खोलीत एकच खिडकी, तिलाही काळा पडदा. टेबलावरच्या छोट्या काचेत टिटवी धावत आली, हात वर केले. आवाज काहीच नाही. रिकाम्या मैदानावर पाखरं तेवढी ओरडत होती.

"वहिनी, हिच्याखाली शर्यतीच्या दिवसाची गर्दी घाला," वन्समोअर म्हणाला. "टाळ्या, आरडाओरडा. की झालं काम."

वहिनी म्हणाल्या, "आधी ती टेप पूर्ण ऐकू या."

त्यांनी टेप लावली. घंटा. अण्णांचं वाक्य. पावलं दूर गेली. लोकांचा गलबला मैदानाच्या पलीकडून हळूहळू वळत वळत इकडे आला, आणि त्याच्या पोटातून पावलं परत आली, जड झालेली, आणि पावलांच्या वर एक श्वास. फाटका, मध्येच हुंदक्यासारखा अडकणारा, पण थांबायला तयार नसलेला. तो वाढत वाढत खोलीभर झाला आणि रेषेपाशी एकदम सुटला. मग टिटवी धापा टाकत विचारत होती, "वहिनी, कितवी? कितवी आले?" टेप चालू असताना वहिनी बोलत नसत. त्यांनी चार बोटं दाखवली होती, ती टेपवर कशी येणार? तिथे थोडी शांतता होती. मग टिटवीचं हसू. "चौथी? मग बरीच आले की."

वन्समोअर खुर्चीत चुळबुळला. "ऐकायला चांगलं आहे हो. पण दाखवणार काय? काळा पडदा?"

"हो," वहिनी म्हणाल्या. "काळा पडदा."

"लोक म्हणतील मशीन बिघडलं. आणि आपल्या धंद्यातले काय म्हणतील? ऐन शर्यतीत अण्णांचं रीळ संपलं. तोंड दाखवायला जागा राहणार नाही त्यांना."

हे खरं होतं, आणि वहिनींना ते त्याच्याआधी कळलेलं होतं. म्हणून तर त्या इतके दिवस घरी या विषयावर तोंड उघडत नव्हत्या. गर्दीचा आवाज दिला असता तर नवऱ्याची अब्रू झाकली असती. न द्यावा, तर टिटवीच्या आईला दाखवायला अंधार. त्यांनी अण्णांकडे बघितलं नाही. नुसतं टेपच्या बटणावर बोट ठेवून बसल्या.

अण्णांनी बराच वेळ चष्मा पुसला.

"मला परत ऐकव," ते म्हणाले. ऐकून झाल्यावर त्यांनी टेबलावरची ती हात वर केलेली फिल्म उचलली, गुंडाळी केली आणि खिशात घातली. "रीळ माझं संपलं. तिची शर्यत काही संपली नव्हती. हिची टेपच ठेवा."

दारापर्यंत गेले आणि वळले. "माझं ते बोलणं तेवढं काढ. बरं दिसत नाही."

"बघते," वहिनी म्हणाल्या.

टिटवीच्या गावी, शाळेच्या सभागृहात फिल्म लागली तेव्हा तिघंही गेले होते. पहिल्या रांगेत टिटवी आणि तिच्या शेजारी तिची आई, घरचं काम अर्धवट टाकून आल्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसलेली. घंटा वाजली, पडदा काळा झाला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मशीनवाला धडपडत उठला. काळोखात पहिल्या रांगेतून टिटवीचा आवाज आला, "बसा हो. मी पळतेय अजून."

सभागृह हसलं आणि मग गप्प झालं. पावलं येऊ लागली. श्वास येऊ लागला. खुर्च्या करकरायच्या थांबल्या. चौथी म्हटल्यावर मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. पडद्यावर उजेड आला तेव्हा टिटवी गवतावर बसून बूट काढत होती. ते अण्णांनी नंतर, नवा डबा लावून घेतलं होतं.

वहिनी मागच्याच रांगेत होत्या, म्हणून त्यांना ऐकू आलं. आईने मुलीचं मनगट घट्ट धरलं होतं. "तुझाच श्वास तो," ती म्हणत होती. "लहानपणी ताप चढला की असाच लागायचा. मी उशाशी बसून ऐकायचे." आणि थोड्या वेळाने, "एवढं पळतेस होय गं?"

अण्णांनी वहिनींना कोपराने ढोसलं. "माझं बोलणं काढते म्हणाली होतीस ना?"

"बघते म्हणाले होते. राहिलं."

मग ते राहिलंच. पुढे कितीतरी वर्षं घरात काहीही हरवलं, सांडलं, करपलं, की दोघांपैकी कुणीतरी म्हणायचं, आयला, रीळ गेलं.

चहा गार झाला होता. पुतणी कपाला हात न लावता बसली होती.

"म्हणजे हा आवाज काकांचा? मला ओळखूच आला नाही."

"कसा येणार? तू आलीस तोवर म्हातारा झाला होता तो आवाज." वहिनींनी भिंतीकडे पाहिलं. तिथे नातेवाइकांचे किती फोटो होते, सगळे अण्णांनीच काढलेले, म्हणून एकातही अण्णा नव्हते. त्यांचे कपडे देऊन झाले होते. चष्मा कुणा गरजूला दिला होता.

पुतणीने हळूच विचारलं, "मग ठेवू ना तसाच?"

वहिनींनी हेडफोन सारखे केले, खुर्ची पुढे ओढली आणि पडद्यावरच्या अंधाराकडे बघत म्हणाल्या, "वन्समोअर."