कुंद्याच्या वावरात चेनचा ट्रॅक्टर

दिनकररावांनी चेनचा ट्रॅक्टर आणला तवा गावातली कुत्री आधी भुंकली. माणसं हार घेऊन गेली. त्या दिवशी गावात अक्कल कुणाला होती ते तुमीच ठरवा.

धरणाचं काम संपल्यावर तिथंच गंजत पडलेलं ते धूड होतं. त्याला चाकं न्हाईत. चाकांच्या जागी लोखंडी पट्ट्यांच्या दोन साखळ्या, रणगाड्याला असतात तशा. स्टेरिंग न्हाई, त्याच्या जागी दोन उभे दांडे. वय म्हणाल तर दिनकररावांएवढंच, फक्त ट्रॅक्टर कामाचा होता.

पूर्ण्याहून एक मिस्तरी आला, दोन दिवस जेवला, इंजिन चालू करून दिलं आणि गेला. आता चालवायचा कुणी? बसवलं व्यंकटीला. व्यंकटी दिनकररावांचा सालगडी, जन्म बैलं हाकण्यात गेलेला. डावा दांडा ओढला की ट्रॅक्टर डावीकडं, उजवा ओढला की उजवीकडं. "हे तर कासरेच हायेत की," म्हणला आणि लागला नांगरायला.

तिसऱ्या दिवशी त्याला आणखी एक गोष्ट कळाली. दांडा ओढला की त्या बाजूची साखळी मोकळी सुटते. सपाटीला मोकळी साखळी मागं राहते, पण उताराला तीच पुढं पळते. म्हणजे नांगर वर उचललेला असला आणि उतार असला तर डावा ओढल्यावर जनावर उजवीकडं जातं. नांगर जमिनीत असला की मातर शहाण्यासारखं वागतं. व्यंकटीनं हे मालकाला सांगितलं. मालक तवा मिशीला कंगवा लावत होते.

दिनकररावांना पंचायत समितीचं तिकीट पायजे होतं. तिकीट आबासाहेबांच्या हातात. आबासाहेब म्हणजे तालुक्याचे पुढारी; विद्यापीठाच्या नामांतराबद्दल काय म्हणता असं कुणी विचारलं की त्यांना खोकला यायचा. त्यांना ट्रॅक्टर दाखवायचा ठरला. आणि दाखवायला जागा ठरली आश्रुबाचं वावर, कारण ते रस्त्याच्या कडंला.

आश्रुबाचं चार एकर. वर रस्ता, खाली ओढा, मधी उतार. सगळ्या वावरात कुंदा, ते चिवट गवत, माजलेला. बैलाच्या नांगरानं त्याच्या खोल गेलेल्या मुळ्या, काशा, नुसत्या खाजवल्यासारख्या व्हायच्या. पीक येईना, म्हणून दरसाल दसरा झाला की आश्रुबा आणि त्याची बायको कडूबाई घराला कुलूप लावून ऊसतोडीला जायची. यंदा वैशाखात खोल नांगरट झाली, काशा उन्हात वाळल्या, तर जवारी येणार आणि कोयता खुंटीला राहणार. कडूबाई तीन हप्ते दिनकररावांच्या दाराशी खेटे घालत होती. आबासाहेबांची तारीख मिळाली तवा कुठं दिनकररावांना तिची दया आली.

वावराच्या खालच्या टोकाला, ओढ्याकाठी लिंबाच्या सावलीत मांडव घातला. सोनपेठहून खुर्च्या आणल्या. ट्रॅक्टर वर रस्त्यापाशी उभा. त्याला पोळ्याच्या बैलासारखं सजवलं होतं. अंगावर झूल, दांड्यांना गोंडे, पट्ट्यांना लाल हिंगूळ आणि धुराड्याला बाशिंग. धुराड्याला बाशिंग बांधणारा गाव मराठवाड्यात दुसरा नसंल.

आबासाहेब तीन तास उशिरा आले. दिनकरराव लगेच ट्रॅक्टरपाशी गेले.

"व्यंकटी, उतर खाली. मी स्वता हाकणार."

"मालक, ह्याला इस्टेरिंग न्हाई."

"जीप चालवलेल्या मानसाला हे डबडं काय अवघड हाय रे?"

"मंग आधी नांगर तरी खाली टाका. न्हाई तर उताराला..."

"नांगर टाकला की धूळ उडती. आबासाहेबांचे कपडे पांढरे हायेत. आधी नुसता चालवून दाखवतो, मंग टाकू."

शेत नांगरायचं ते पुढाऱ्याला धूळ लागू न देता. चढले वर. इंजिन धडधडलं, धुराड्यातून ठिणग्या निघाल्या आणि बाशिंगानं पेट घेतला. लोकांना वाटलं कार्यक्रमातच हाय, टाळ्या वाजवल्या.

ट्रॅक्टर उताराला लागला. मांडव उजव्या अंगाला होता. दिनकररावांनी डावा दांडा ओढला. ट्रॅक्टर उजवीकडं वळला. त्यांनी आणखी जोरात ओढला. तो आणखी वळला.

व्यंकटी बाजूनं पळत होता. "उजवा वढा मालक, उजवा!"

"उजवीकडंच मांडव हाय रे गाढवा!"

"म्हनूनच उजवा वढा!"

मांडवातून सगळ्यात आधी आबासाहेब निघाले. पुढारपण म्हणजे आणखी काय असतं? त्यांच्या मागं गाव निघालं. ट्रॅक्टरनं खुर्च्यांचा चुरा केला, सरबताचं पातेलं पापडासारखं चपटं केलं, मांडवाचं कापड तोंडावर ओढून घेतलं आणि ओढ्यात म्हशी लोळतात त्या चिखलात नाक खुपसून उभा राहिला. कापडाखालून दिनकरराव अजून "व्हो! व्हो!" करत होते.

कुणाला खरचटलंबी न्हाई. आबासाहेबांची जीप गेली.

दिनकरराव बाहेर आले, मिशी झटकली. "व्यंकटी, काढ मागं. घरी न्यायचा."

ओढ्याला दोन्ही बाजूंनी दरड. वाट एकच, आश्रुबाच्या वावरातून वर. त्या वाटेवर कडूबाई येऊन बसली.

"न्या की," ती म्हणली. "पर नांगर खाली टाकून."

"कडूबाई, आज येळ हाय का? पुढल्या हप्त्यात बघू."

"मंग ट्रॅक्टर बी पुढल्या हप्त्यात न्या."

आश्रुबा घाबरला. "अगं, मालकासंगं असं बोलत्यात का?"

"तुमी गप बसा. दसऱ्यानंतर उसाची मोळी माझ्याबी डोस्क्यावर असती."

"बरं बाई," दिनकरराव म्हणले, "वर जाता जाता नांगराची एक रेघ मारून देतो."

"मला रांगोळी न्हाई काढायची. ह्या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत सगळं वावर."

"माझ्या ट्रॅक्टरपुढं बसती व्हय गं? आंगावर घालीन!"

"घाला की. डावा वढा, म्हंजी उजवीकडून जाईल."

सरबत न मिळालेलं गाव सगळं खिदळलं. तेवढ्यात व्यंकटी ओरडला, "मालक, काय ते लवकर ठरवा, रुतायलाय!" साखळी खरंच बोट बोट खाली चालली होती.

दिनकररावांनी दरडीकडं बघितलं, चिखलाकडं बघितलं. कडूबाईकडं मातर बघितलं न्हाई.

"टाक रे नांगर."

व्यंकटीनं ट्रॅक्टर मागं काढला, नांगराची दोरी ओढली. फाळ जमिनीत घुसला. हात हात लांबीच्या पांढऱ्या काशा उलथून वर पडायला लागल्या. आश्रुबा एकेक उचलून बांधावर फेकत होता आणि दर खेपेला दिनकररावांकडं भीत भीत बघत होता. दिनकरराव मोडक्या खुर्चीवर लिंबाखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "गरिबाचं आधी, ही माझी पद्धतच हाय."

चार वाजता त्यांनी हाक मारली, "झालं का?"

"उभी नांगरट झाली," कडूबाई वावराच्या मधूनच म्हणली. "आता आडवी."

दिनकरराव उठले होते, ते परत बसले.