न फळलेल्या वेलीचा रांजण

त्या वर्षी वेलीला आधीच्या कोणत्याही वर्षापेक्षा जास्त फुले आली आणि फळ एकही धरले नाही.

मित्रांनो, ही वेल माझ्या पोटात वाढते. मी ब्राझीलमधल्या बाहियाच्या कोरड्या मुलखातला एक जुना रांजण आहे. नदीकाठच्या बायकांनी मला हाताने घडवले आणि काट्याकुट्यांच्या जाळात भाजले. पुष्कळ वर्षे मी ईवोनिल्दाबाईंच्या स्वयंपाकघरात पाणी गार ठेवले. पाहुणे पाण्याची स्तुती करत. ती माझीही आहे, असे मी मानत असे. नंतर नळ आला, माझ्या बुडाला तडा गेला आणि माझी रवानगी परसात झाली. दोन उन्हाळे मी रिकामा होतो.

त्याच सुमारास गावामागचा डोंगर दगडखाणीसाठी साफ होऊ लागला. ईवोनिल्दाबाईंनी तिथल्या रानमाराकुजाच्या दोन वेलींची फळे आणली. ही तुमच्या कृष्णकमळाची जवळची नातलग. फूल जांभळे, फळ हिरवे, आंबट. एका फळाचे बी त्यांनी माझ्यात रुजवले. दुसऱ्याचे शेजारीण देर्सीलियाला दिले. इथल्या मातीची, कमी पाण्यावर तगणारी ती वेल मांडवभर पसरली. तिच्या पानांवर सुरवंट आले, फुलांवर मोठे काळे भुंगे आले, आणि फळे तर दरवर्षी टोपलीभर. त्या वर्षापर्यंत.

जावई जेनिवाल्दो गवंडी होता. त्याची बायको मार्लूसी, म्हणजे ईवोनिल्दाबाईंची मुलगी, गरोदर होती आणि आदल्या पावसाळ्यात याच परसात चिखलात घसरली होती. म्हणून त्याने ठरवले होते की पावसाआधी सगळे परस सिमेंटचे करायचे. मांडव निघणार होता. मला फोडून माझ्या खापऱ्या भरावात जाणार होत्या. त्याचे कारण योग्य होते. त्यामुळेच त्याला उत्तर देणे कठीण होते.

"सासूबाई, आता नुसत्या फुलांचा रस काढायचा का?" तो म्हणाला.

"जावईबापू, तुमच्या सिमेंटला तरी कुठं फळं लागतात?"

"सिमेंटवर माणूस पडत नाही."

"पडतं की. फक्त जास्त लागतं."

त्याला हसू आले, पण तो बधला नाही. "वेल फळली, तर तिची जागा सोडीन. वांझ वेलीसाठी मार्लूसीला चिखलात नाही चालवणार. पाऊस आला की बोलणं संपलं."

देर्सीलियाची वेलही रिकामीच होती. तिने कुंपणाच्या काठ्यांवर अंड्यांची कवचे अडकवली. "अगं, नजर लागलीय दोघींच्या वेलींना. तुझ्याकडेही लाव."

ईवोनिल्दाबाईंनी लावली. फळ धरले नाही. कवचे मात्र शाबूत राहिली.

मग त्यांनी खत बदलले, पाणी वाढवले, नंतर कमी केले. फुले सकाळी उमलत आणि पुढच्या दिवसांत देठासकट गळत. मधमाश्या येत होत्या, त्यामुळे किडे नाहीत असे म्हणता येत नव्हते. मी त्या जवळून पाहिल्या आहेत. त्या फुलाच्या मानाने लहान असतात. पराग उचलतात आणि वरच्या स्त्रीकेसराला अंगही न लावता निघून जातात. काळ्या भुंग्यांची जाडसर गुणगुण त्या हंगामात ऐकू आली नव्हती. हे मला जाणवले होते. त्याचा फळांशी संबंध मी जोडला नव्हता.

आकाशात ढग दिसू लागले. सिमेंटची पोती आली आणि माझ्या शेजारी रचली गेली.

तेव्हा ईवोनिल्दाबाईंना लाल भोपळ्याची आठवण झाली. भोपळा फळेना, की त्या फुलाला फूल घासत. त्यांनी काही फुलांना याच वेलीचे पराग बोटाने लावले आणि देठांना पांढरा दोरा बांधला. काहींना देर्सीलियाच्या वेलीचे पराग लावले आणि लाल दोरा बांधला. बाकीच्यांना हात लावला नाही.

पांढऱ्या दोऱ्याची फुले गळली. हात न लावलेलीही गळली. लाल दोऱ्यांवर हिरवे मणी धरले आणि फुगू लागले.

"जावईबापू, इकडं या. ही वांझ का?"

जेनिवाल्दोने वाकून एक मणी बोटाने चाचपला. "नाही," तो म्हणाला. "पण रोज सकाळी तुम्ही बोटं घासत बसणार? आणि तुमच्यामागं कोण? हे फळणं झालं का, सासूबाई? ही तर सलाईन लावलेली वेल."

दुसऱ्या सकाळी त्याने भराव ठोकायला लाकडाचा एक जाड ठोकळा धुमस म्हणून घेतला. मला फोडण्याआधी त्याने शेजारच्या विटांच्या तुकड्यांवर पहिला घाव घातला. ठोकळा उभा चिरला.

आत बोटाएवढ्या रुंदीच्या सरळ नळ्या होत्या. नळ्यांना भुशाचे पडदे होते. पडद्यांमध्ये वाळलेल्या परागाचे पिवळे गोळे होते आणि एक मोठा काळा भुंगा मरून पडला होता.

"हे लाकूड कुठलं?" ईवोनिल्दाबाईंनी विचारले.

"इथलंच की. उंबुरानाच्या झाडाचं वाळकं खोड नव्हतं का उभं, तुम्ही फडकी वाळत घालायच्या ते? त्याचा शेंडा. बाकीचं जूनमध्ये..." तो थांबला.

"जाळलं," त्या म्हणाल्या. "आणि मीच म्हटलं, काय सुरेख पेटलंय."

कुंपणापलीकडून देर्सीलियाचा आवाज आला, "अगं, आमच्याकडचे जुने खांबपण त्यातच गेले!"

जेनिवाल्दोने मला फोडले नाही. दारापासून धुण्याच्या दगडापर्यंत मार्लूसीसाठी त्याने सिमेंटची एक वाट केली आणि उरलेली पोती परत नेली. मग दूरच्या रस्त्याकडेला पडलेले उंबुरानाचे एक वाळके खोड त्याने आणले आणि मांडवाजवळ उभे केले. त्यात भुंगे येतील की नाही, हे मला ठाऊक नाही. अजून आलेले नाहीत. मित्रांनो, रानातली वेल घरी लावाल, तेव्हा तिच्याकडे येणाऱ्यांनाही राहायला जागा ठेवा. वाळकी लाकडे घाईने साफ करू नका.

वेली न फळण्याचे कारण असे होते. जून महिन्यात, जुआंव संताच्या सणाला, आमच्याकडे प्रत्येक दारापुढे मोठी शेकोटी पेटवतात. तिचे सरपण डोंगरावरून येत असे. त्या वर्षी डोंगर खाणीने बंद केला होता, म्हणून घरोघरी परसातले वाळके लाकूड जाळले गेले. एका वेलीचे पराग दुसऱ्या वेलीवर नेणारे भुंगे त्या लाकडात राहत होते.