अगं, इकडे बघू नकोस!

आमचं नाट्यगृह लहानसं. शनिवारी नाटक, रविवारी दुपारी जुना सिनेमा. तिकिटाच्या खिडकीत मी बसते आणि नाटकात कामही करते. मला कायम खाष्ट सासवाच मिळतात. समोरचा न्हावी म्हणतो, "त्यात अभिनय कसला, स्वभावच आहे तो." म्हणू दे मेल्याला. त्याला मी न चुकता खांबामागची खुर्ची देते.

वर मशीनच्या खोलीत माझे वडील, आप्पा. वर्षातून एकदा ते "आपला सिनेमा" लावतात. आपला म्हणजे काय, तर फार वर्षांपूर्वी एक कंपनी आमच्या रस्त्यावर शूटिंगला आली होती. गर्दीत चालायला बायका हव्या होत्या. आमची आई नाटकाचे कपडे शिवायची, तिला बोलावलं. कमरेवर कपड्यांची टोपली घेऊन दिव्याच्या खांबापासून पावाच्या दुकानापर्यंत जायचं, एवढंच काम. पण आप्पा कॅमेऱ्यामागे बघ्यांत उभे होते, आणि बाईसाहेब दर वेळी त्यांच्याकडे बघायच्या. दिग्दर्शक वैतागला. शेवटी आप्पाच ओरडले, "अगं, इकडे बघू नकोस!" तरी तिनं बघितलंच. तसंच ठेवलं मग दिग्दर्शकानं. पुढे कंपनी बुडाली आणि त्या सिनेमाची प्रत आमच्या कपाटात राहिली. दुसरी कुठे आहे असं ऐकिवात नाही.

धाकटा भाऊ वर्षाचाही झाला नव्हता तेव्हा आई गेली. घरात तिचा धड एक फोटो नाही. धाकट्याला आई म्हणजे पडद्यावरची ती बाई. दर वर्षी ती पडद्यावर आली की आप्पा वरच्या झरोक्यातून ओरडायचे, "अगं, इकडे बघू नकोस!" आणि सगळं थिएटर त्यांच्या मागोमाग तेच ओरडायचं. ती बघायचीच. लोक टाळ्या पिटायचे. थिएटर रिकामं झालं की धाकटा वर पळायचा. "परत, आप्पा, परत." आप्पा रीळ मागे घ्यायचे आणि तेवढाच तुकडा पुन्हा लावायचे. पुन्हा. पुन्हा. मी ओरडायचे, "अहो, फीत आहे ती, धुणं नव्हे! झिजेल." झिजलीच. तिथेच तुटायची. तुटली की फाटकं कापायचं, उरलेलं जोडायचं. दर जोडाला आईची पावलं कमी व्हायची. आधी खांब गेला, मग दुकानाचं दार गेलं. ती रस्त्याच्या मधूनच उगवायची, आप्पांकडे बघायची आणि संपायची.

यंदा धाकटा लेकीला घेऊन आला. बऱ्याच वर्षांनी. चिमणी आता कळती झाली, तिला आजी दाखवायची होती. आल्या आल्या मला म्हणाला, "ताई, तिच्या डोक्यात दुसरं काही नाहीये. सारखी विचारते, आजी माझ्याकडे पण बघेल का? मी हो म्हणून सांगितलंय." चिमणीला मी पहिल्या रांगेत मधोमध बसवलं आणि चक्क न्हाव्यालाही तिच्या शेजारची खुर्ची दिली.

सिनेमा सुरू झाला. रस्ता आला, गर्दी आली. लोक ओरडायला घसे खाकरू लागले. आणि खाडकन आवाज होऊन पडदा पांढरा झाला.

मी धावत वर गेले. आप्पांच्या हातात फीत होती. "जोडा की," मी म्हटलं. "कशाला जोडू?" ते म्हणाले. "कडेची भोकं सगळी फाटलीत. हिला घेऊन मशीन आता चालायचं नाही." मी फीत दिव्यासमोर धरली. नखाएवढी आई, ओळीनं, टोपली घेऊन. मला इतका राग आला! आप्पांचा, धाकट्याचा, त्या मशीनचा. "सांगत होते ना मी! लाड, लाड! घ्या आता!" असं म्हटलं आणि त्यांचा चेहरा बघून जीभ चावली. त्यांनी कात्री माझ्यापुढे धरली. "तू काप. माझ्यानं होणार नाही."

मी कापली. जन्मदात्या आईला कात्री लावली. तो तुकडा आप्पांनी सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"पडदा काळा नको, नुसता दिवा लावून ठेवा," मी म्हटलं आणि खाली आले.

खाली कुणी शीळ घातली नाही, कुणी पाय आपटले नाहीत. धाकटा मान खाली घालून बसला होता. चिमणी त्याला विचारत होती, "आजी कधी येणार?" मला ते ऐकवेना. विंगेत कालच्या नाटकाची टोपली पडली होती. ती कमरेवर घेतली, पदर खोचला आणि पांढऱ्या पडद्यापुढे, खांब असायचा त्या टोकाला जाऊन उभी राहिले. आईच्या वयाला मी केव्हाच मागे टाकलंय. गुडघेही कुरकुरतात. पण ती चाल मी लहानपणापासून पाहिली होती. निघाले.

आई बघायची ती जागा आली. मी खाली बघत चालत होते, आप्पांच्या हाकेची वाट बघत. हाक येईना. न्हाव्यानंसुद्धा तोंड उघडलं नाही. माझी पावलं संपत आली, पुढे दुकानाचं दार.

तेवढ्यात वरून आवाज आला. घोगरा, फाटलेला.

"बघ गं. एकदा इकडे बघ."

मी बघितलं. झोतानं डोळे दिपले, झरोका काही दिसला नाही. तरी बघत राहिले. मग नजर खाली आणून चिमणीकडेही बघितलं, कारण तिला तसं सांगितलेलं होतं. पडद्याच्या दुसऱ्या टोकाला पोहोचले तेव्हा डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

अंधारातून कुणीतरी म्हणालं, "परत."

मला वाटलं, चिमणी. पण आवाज धाकट्याचा होता. एवढा मोठा बाप्या, लेकीचा हात धरून उभा. "परत, ताई. परत."

या शब्दावरून मी त्याला आयुष्यभर बोलले होते. आज मात्र टोपली सावरली आणि पुन्हा खांबापाशी जाऊन उभी राहिले.