कोपऱ्यातली कचरापेटी

लॉर्ना पेल्कीच्या दुकानात एकच पाटी होती: आधी नक्कल, मग हात. म्हणजे आधी सगळ्याची प्रत काढून ठेवायची, मगच यंत्राला हात लावायचा. हॅनकॉक गावात संगणक बिघडला की लोक तिच्याकडेच यायचे, कारण तिच्या हातून आजवर कुणाचा एक फोटोसुद्धा हरवला नव्हता. बाईला त्याचा तोरा होता, आणि का नसावा?

म्हातारा रेइनो लाहती आला तो लॅपटॉप कोटाच्या आत धरूनच. बाहेर बर्फ नुसता कोसळत होता.

"सुरूच होत नाही गं पोरी. नुसतं गोल गोल फिरतंय."

"तुमच्यासारखंच की!" लॉर्ना म्हणाली. "आतली सगळी यंत्रणा पुसून नव्यानं बसवावी लागेल, मिस्टर लाहती. घाबरू नका, तुमचं काही जाणार नाही."

म्हातारा हसला नाही. "त्यात आयलीनचा, माझ्या गेलेल्या बायकोचा आवाज आहे. आजारपणात घसा जायच्या आधी बोलून ठेवलंय तिनं. बाकीचं सगळं गेलं तरी चालेल."

"कुठे ठेवलाय?"

"समोरच. पडद्यावर, खाली कोपऱ्यात."

तो गेल्यावर लॉर्नानं डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली. पडद्यावरच्या सामानात 'आयलीन' नावाचा फोल्डर लगेच दिसला. गिऱ्हाइकाचं खासगी काही उघडून बघायचं नाही, हा तिचा नेम. तिनं तो उघडला नाही. दुसरी सवय अशी, की नक्कल करण्याआधी कचरापेटी रिकामी करायची. लोकांची घाण कशाला वाहायची उगाच? मग तिनं सगळं नीट उतरवून घेतलं, दोनदा ताडून पाहिलं, डिस्क पुसली आणि नवी यंत्रणा बसवली. मशीन कसं झक्क सुरू झालं.

रेइनो दुसऱ्या दिवशी आला. तिच्यासाठी घरच्या गरम पेस्ट्या, म्हणजे मटण-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, फडक्यात बांधून आणल्या होत्या.

"बघा, जसंच्या तसं," ती म्हणाली आणि फोल्डर उघडून दाखवला. आत सगळे फोटो होते.

"हे नाही." त्याचं बोट पडद्याच्या कोपऱ्याकडे गेलं. "इथे."

तिथे कचरापेटी होती. रिकामी.

लॉर्नानं चमकून त्याच्याकडे पाहिलं. "अहो, कचऱ्यात कोण ठेवतं असं?"

"समोर दिसलं की ऐकावंसं वाटायचं. ऐकलं की पुढे दिवसभर काही सुधरायचं नाही. पुसायचा धीर होईना. म्हणून तिथे टाकलं. ती पेटी मी कधीच रिकामी केली नाही, पोरी."

तिनं डिस्क पुन्हा जोडली, पुसलेलं परत मिळवायची होती नव्हती ती सगळी हत्यारं चालवली. पण डिस्क तिनंच पुसली होती, आणि स्वच्छ पुसली होती. म्हातारा स्टुलावर बसून होता. पेस्ट्या गार झाल्या. शेवटी तिला रडूच फुटलं.

"माझं चुकलं हो. मी उघडून बघायला हवं होतं. विचारायला हवं होतं तुम्हाला."

"तुझं कसलं चुकलं? कचऱ्यात टाकलेलं कुणीही फेकणारच."

तो उठला, मफलर गुंडाळला आणि दाराकडे निघाला.

"मिस्टर लाहती, मशीन राहिलं तुमचं!"

"असू दे इथंच," तो म्हणाला. "आता काय आहे त्यात?"