बारावी खुर्ची

आमच्या काउंटीच्या सरकारी कॉलेजात वर्ग जगतो तो बारा डोक्यांवर. शुक्रवारी दुपारपर्यंत बारा जणांनी नावं घालून फी भरली तर वर्ग चालतो. एक जरी कमी पडला तर वर्ग रद्द, आणि मास्तरला दोन ओळींची ईमेल. मी तासावरचा मास्तर. वर्ग मिळाला तर पगार, नाही तर बस घरी हवा खात. त्या ऑगस्टमध्ये माझ्या वाट्याला एकच वर्ग आला होता, शनिवार सकाळचा, लेखनाचा. ओहायोच्या हिवाळ्यात घर गरम ठेवायचं गॅसचं बिल त्याच्यातूनच भागायचं होतं. सोमवारी त्या वर्गात सातच नावं होती.

विद्यार्थी कमी झाले म्हणून कॉलेजातले वरचे लोक बारा महिने रडत असतात. रडून झालं की रंगीत पुस्तिका छापतात. यंदाच्या पुस्तिकेत मधोमध हिजाबातली माझी विद्यार्थिनी होदन, तिच्या एका बाजूला काचेच्या कारखान्यातून काढून टाकलेला पन्नाशीचा गडी, दुसऱ्या बाजूला नातवंडं असलेली आजी, आणि सगळे हसताहेत. फोटो माझ्याच गेल्या वर्षीच्या वर्गातला. मला मात्र फोटोवाल्याने जरा बाजूला व्हायला सांगितलं होतं.

मग काय, मीच दारोदार फिरलो. कपडे धुण्याच्या दुकानात मशीनसमोर ताटकळणाऱ्यांना गाठलं, चर्चच्या पॅनकेकच्या न्याहारीत लोकांच्या ताटाशी जाऊन बसलो. होदन गोदामात काम करायची, तिने यंदाही नाव घातलं आणि तिथल्या दोन सोमाली मैत्रिणी आणल्या. एवढं करूनही गुरुवारी संध्याकाळी एक डोकं कमीच होतं.

"मी होते बारावी," बायको म्हणाली. डार्लीन शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते.

"तू?"

"का? मला काय लिहिता येत नाही?"

"अगं, आठवडाभर तू पायावर उभी असतेस."

"म्हणूनच म्हणते. शनिवारी बसायला तरी मिळेल."

फी क्रेडिट कार्डावर टाकली. शुक्रवारी दुपारनंतर नाव काढलं तर पैसे परत मिळत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण नाव काढायचंय कोणाला, असं म्हणून आम्ही हसलो.

शुक्रवारी चार वाजता विभागप्रमुख ग्लेनचा फोन आला.

"वेंडेल, अभिनंदन! तुमचा वर्ग भरला की हो."

"भरला ना? सुटलो बुवा."

"हां... त्याचं असं झालंय. डॉ. हॅलोरनचा मंगळवारचा वर्ग नाही भरला. त्या कायमच्या नोकरीतल्या. त्यांचे तास पूर्ण करून द्यावेच लागतात, नियम आहे."

"बरं, मग?"

"मग शनिवारचा वर्ग त्यांच्याकडे जाईल."

"ग्लेन, ती माणसं मी गोळा केलीत. एकेकाच्या हातापाया पडून."

"माहीत आहे ना. कॉलेज तुमचं ऋणी राहील."

"गॅस कंपनीला काय सांगू? कॉलेज माझं ऋणी आहे म्हणून?"

त्याने फोन ठेवला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा, पीएच.डी. झालेला. हा नियम मला माहीत नव्हता असं नाही. तासावरच्या प्रत्येकाला तो माहीत असतो आणि प्रत्येकाला वाटतं, या खेपेला दुसऱ्यावर जाईल. वर्ग सातावरच मेला असता तर निदान बायकोची फी वाचली असती. मी इतका चिडलो की हातातला कप भिंतीवर फेकला. डार्लीनने काचा गोळा केल्या.

संध्याकाळी होदनचा फोन.

"सर, नव्या बाईंची ईमेल आलीय. पुस्तक घ्या म्हणतात. फीपेक्षा महाग आहे हो ते!"

"माझे कागद आहेत की तुमच्यासाठी."

"बाईंकडे कुठे आहेत ते? त्यांनी पुस्तकच लावलंय."

मुलांना पुस्तक विकत घ्यावं लागू नये म्हणून ते कागद मी सहा वर्षं जमवले होते. धडे, उतारे, सगळं त्यात होतं. देऊ नये असं फार वाटलं. पण होदनला आणि तिच्या मैत्रिणींना मीच त्या वर्गात ओढलं होतं. शिव्या घालत घालत सगळे कागद डॉ. हॅलोरनला पाठवले. उत्तरात 'धन्यवाद' एवढंच आलं.

शनिवारी सकाळी डार्लीन वही घेऊन दारात उभी राहिली.

"तू चाललीस?" मी म्हणालो.

"पैसे भरलेत. त्या बाईसाठी खुर्ची रिकामी कशाला ठेवू?"

ती दुपारी परत आली तेव्हा मी सूप गरम करत होतो.

"कशी आहे?" मी विचारलं.

"खरं सांगू? बरी शिकवते."

"माझ्या कागदांवरून."

"हो. वरचं तुझं नाव तेवढं काढलंय. होदनने विचारलं, आमचे सर कुठेत? तर म्हणाली, वेळापत्रक बदललंय."

मी सूप बाउलमध्ये ओतलं. डार्लीनने टेबलावरचा बाउल सरकवून वही उघडली. पानभर लिहिलं होतं, शाळेच्या स्वयंपाकघरातल्या सकाळबद्दल. हा विषयही माझाच.

"बाई म्हणाल्या, तपासून द्यायला त्यांना वेळ होणार नाही, एकमेकांचं वाचा," ती जरा लाजत म्हणाली. "तू बघतोस? पहिल्या परिच्छेदात काहीतरी चुकलंय."

मी लाल पेन शोधलं. त्या वर्गाची फी माझ्या घरातून गेली होती आणि त्या वर्गाला अजून मीच शिकवत होतो. पगाराचा चेक तेवढा डॉ. हॅलोरनच्या नावाने निघणार होता.